फाटकाजवळचा कोपरा

५ सप्टेंबर, आरेकिपा

राजीनामा दिला. निर्णय पूर्ण विचारांती घेतलेला आहे. बाबांना जाऊन महिना झाला, त्याचा याच्याशी संबंध नाही.

मॅनेजर उगार्ते म्हणाले, "एवेर, दोन आठवडे रजा घे, गावी जा, आईजवळ बस." मी शांतपणे सांगितलं की मला रजा नको, दिशा हवी आहे. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. बहुधा प्रभावित झाले असावेत. मग म्हणाले की महिनाभर मी पंख्याचं एकच ड्रॉइंग उघडून बसलोय. खरं आहे. खोलात जाऊन काम करायची माझी पद्धत आहे.

हेल्मेट परत केलं. शेजारच्या टेबलावरचा फ्रेदी उठून आला. वाटलं, मिठी मारतोय. त्याने विचारलं, "तुझी खुर्ची मी घेऊ?"

खाणीच्या कंपनीत दीड वर्ष झालं. पुरे. आम्ही लाइमे मंडळी सांतो तोमासमध्ये पिढीजात खाटीक. इंजिनियर मी पहिलाच. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते गावाने अजून पाहिलेलं नाही.

शोक करत बसणार नाही. शोकाला वेळ लागतो आणि धंद्याला तोच लागतो.

९ सप्टेंबर, सांतो तोमास

स्टँडवर कुणी आलं नव्हतं. बॅग घेऊन सरळ घराच्या मागच्या अंगणात गेलो. माझी थोरली बहीण निल्दा तिथे होती, कोपरापर्यंत लाल. समोर काळा बैल, शिंगं खांबाला आवळलेली.

मी म्हणालो, आलो. ती म्हणाली, "किती दिवस?" मी म्हणालो, कायमचा. बाबांच्या जागी आता मी. धंदा मी बघणार, तू दमली असशील.

ती बैलाकडे वळली. बैलाच्या मानेमागे सुरी घातली. एकच घाव. बैल चारी पायांनी जागच्या जागी बसला. मग तिने गळा उघडला. आवाज तुंबलेली मोरी मोकळी व्हावी तसा होता. वाफ निघत होती.

आनंद दाखवायची आमच्या घरात पद्धत नाही.

मी भिंतीशी बसलो. अंगणाचा उतार तपासत होतो. आईने येऊन डोक्यावर गार पाणी ओतलं. तिला वाटलं, मला भोवळ आली.

बाबा असताना मला या अंगणात येऊ देत नसत. सुरीला धार लावायला बसले की म्हणायचे, "एवेर, आत जा. तुझे हात पेन्सिलीचे." त्यामुळे हे सगळं आज पहिल्यांदा नीट पाहिलं. निदान अर्धं.

काळे कपडे घातले आहेत. आईला वाटतं सुतकाचे. मला व्यावहारिक वाटतात, डाग दिसत नाहीत.

१२ सप्टेंबर

मंडईचा अभ्यास केला. आमची सगळी ताकद जागेत आहे. फाटकाजवळचा कोपरा आमचा. वरच्या वस्त्यांवरून घोडी घेऊन उतरणारी माणसं आधी तिथेच थांबतात. आत गटाराशेजारी जी खाटकांची रांग आहे, तिथे माशाही कंटाळून बसतात. तो कोपरा गेला तर आई आणि निल्दा काय खाणार, हा प्रश्न आहे.

शत्रूही पाहून घेतला. दॉन मेल्चोर आल्विस. गटाराच्या रांगेत पहिला. पाठ दरवाजाएवढी. तो आणि बाबा दर नाताळच्या दुपारी रिंगणात उतरायचे, आणि जो जिंकेल त्याचा वर्षभर कोपरा. इकडे भांडणं ताकानाकुयच्या, म्हणजे नाताळच्या ठोसेबाजीच्या, रिंगणातच मिटतात. कोर्ट डोंगरापलीकडे आहे, तिकडे गेलेला माणूस म्हातारा होऊन परत येतो. गेल्या नाताळला बाबा जिंकले. त्याआधी तो. बाबांचे दोन दात त्याने पाडले. बाबांनी त्याचा डावा कान कायमचा बंद केला. आयुष्यभर एकमेकांना ठोकलं दोघांनी.

आज त्याने लांबून मला हात केला. मी केला नाही.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी आमच्या दाराबाहेरच्या आकड्याला सोललेली मेंढी लटकत होती. निल्दा म्हणाली, "दॉन मेल्चोरांची. दर शुक्रवारी येते," आणि खांद्यावर टाकून विकायला घेऊन गेली. जशी काही रोजची डाक.

मी नीट विचार केला. एका खाटकाच्या दारात दुसऱ्या खाटकाने जनावर कापून टांगायचं, याचा अर्थ एकच. तुमच्यात कापणारा उरला नाही. ही उघड धमकी आहे. निल्दाला धंद्यातलं मानसशास्त्र कळत नाही.

उत्तर द्यावं लागेल. उद्याचा बैल मी मारणार.

१६ सप्टेंबर

बैल मेला.

तपशील: सुरी हाडावर बसली. बैलाने मान झटकली, दोर तुटला, आणि मी कातडी धुवायच्या टाकीच्या पलीकडे जाऊन पडलो. टाकीवरून गेलो, हे आईचं म्हणणं. मला मधलं काही आठवत नाही. बैल पुन्हा माझ्यावर येत होता तेव्हा निल्दाने त्याच्या शिंगाला लटकून दुसऱ्या हाताने काम संपवलं. तो तिच्या पायावर पडला. तिने पाय ओढून काढला, तोंडावरचं रक्त बाहीला पुसलं आणि विचारलं, "काय चुकलं, इंजिनियर?"

मी म्हणालो, खांब.

"खांब आजोबांनी पुरलाय."

तेच म्हणतोय मी. जुना झाला.

दोन बरगड्या. हसलं की दुखतं. सध्या अडचण नाही.

३० सप्टेंबर

बिछान्यात पडल्या पडल्या डिझाइन पूर्ण केलं. जनावर जिवंत असतानाच पोटाखालून पट्टा घालायचा, तुळईला टांगलेल्या कप्पीने वर घ्यायचं, पाय जमिनीला टेकू द्यायचे नाहीत. टेकलेच नाहीत तर धडक कशी देणार? मग कप्पी ज्यावरून सरकेल असा लाकडी रुळ अंगणापासून गल्लीच्या दारापर्यंत नेता येईल, कापलेलं जनावर आपोआप सरकत जाईल. असं तालुक्यात कुणाकडे नाही.

निल्दाला कागद दाखवला. ती म्हणाली, "बैलाला दाखवलास?"

विनोदबुद्धी परत येते आहे तिची. माझ्या येण्याने घरात फरक पडतोय.

८ ऑक्टोबर, रविवार

बाजाराचा दिवस मुद्दाम निवडला. लोकांनी बघावं म्हणून.

बैल उचलला गेला. हे कुणीही नाकारू शकत नाही. तो हवेत होता, आणि त्याचा चेहरा मी पाहिला, तो खरंच गोंधळला होता. पंधरा मोजेपर्यंत सगळं डिझाइनप्रमाणे चाललं. मग तुळई मोडली.

बैल पट्टा, कप्पी आणि अर्धी तुळई घेऊन गल्लीच्या दारातून बाहेर पडला. म्हणजे रुळाची दिशा बरोबर होती. मंडईत शिरला. तुळई मागे फिरत होती, दोन्ही बाजूंनी माणसं कापून काढत. अंडी विकणाऱ्या सातुर्निनाबाईंची सगळी अंडी गेली. बटाटेवाल्याचा गुडघा फुटला. एक कुत्रं शिंगावर चढलं ते खाली आलं तेव्हा कुत्रं राहिलं नव्हतं. मी मागून ओरडत होतो की घाबरू नका. तेवढ्यात सातुर्निनाबाईंनी अंड्यांच्या खोक्याची फळी काढून माझ्या पाठीत घातली, बरोबर बरगड्यांच्या जागी. "बाप गेला आणि हा दिवा लावला!" म्हणाल्या. आणखी दोनदा घातली.

मेल्चोरने फास टाकला. बैलाने त्याला तोंडावर पाडून फाटकापर्यंत फरफटत नेलं, पण त्याने दोर सोडला नाही. फाटकाच्या खांबाला दोन वेढे दिले, उठला, सुरी काढली आणि बटाट्यांच्या ढिगात बैलाला बसवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या गालाची सालटी निघाली होती, तोंडात माती. माझ्याकडे येऊन म्हणाला, "लागलं नाही ना रे पोरा?"

आमच्या मालकीचं जनावर. आमच्याच कोपऱ्यासमोर. आम्हाला न विचारता.

हे विसरता येणार नाही.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

मेंढी परत आली. या वेळी निल्दाच्या आधी उठलो. आकड्यावरून काढली आणि गल्लीतल्या कुत्र्यांपुढे टाकली. गाव बघत होतं. कुत्र्यांनी ती दोन्ही बाजूंनी ओढून फाडली. बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी काही ठाम केल्यासारखं वाटलं.

निल्दा दारात आली. कुत्र्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आत गेली. मला वाटलं चहा टाकायला गेली.

सत्तूर माझ्या डोक्याच्या डावीकडे चौकटीत रुतला. काढायला दोघं लागलो, मी आणि आई. निल्दा ओरडत होती, आणि ती ओरडत नसते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: बाबांना मातीत ठेवलं त्या दिवशी दॉन मेल्चोरने शब्द दिला की सुतकाचं वर्ष संपेपर्यंत तेओफिलोच्या, म्हणजे बाबांच्या, दारात शुक्रवारी एक जनावर येईल. त्या मेंढीवर आम्ही जगतो. "तुझ्या बारा वर्षांच्या शिक्षणात मेंढीचा अर्थ नव्हता?"

मी तिला समजावलं की शत्रू असाच आधी उपकार करून घरात शिरतो.

ती म्हणाली, "शत्रू घरात शिरलाय. बॅग घेऊन आला, नऊ सप्टेंबरला."

रागात माणूस बोलतो. मी मनाला लावून घेत नाही. बाबा गेले तेव्हापासून मी कुठलीच गोष्ट मनाला लावून घेतलेली नाही, ही माझी ताकद आहे.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. आईने बाबांसाठी टेबल मांडलं. बाळाच्या आकाराचे पाव, मेंढीच्या डोक्याचा रस्सा, वाळवलेले बटाटे, बिअर, बाबांचा फोटो. फोटोत ते लग्नातल्यासारखे अवघडून बसलेत. मी ताट बरोबर मध्यभागी आहे ना ते बघत होतो. शेजारीपाजारी येऊन प्रार्थना म्हणून पाव घेऊन जात होते.

दुपारी दॉन मेल्चोर आला. टोपी काढली. न विचारता फोटोसमोर बसला, जमिनीवर थोडी बिअर सांडली, उरलेली प्याला, आणि फोटोला म्हणाला, "काय रे तेओफिलो. निजलास मजेत. आता नाताळला मी मारू कुणाला?"

खोली भरलेली होती. लोक गालात हसले. आमच्या घरात, आमच्या टेबलासमोर, आमचा बाप मेलेला असताना.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मला. पंचवीस तारखेला. कोपऱ्यासाठी."

मेल्चोर माझ्याकडे असा बघत होता की जणू बैल माझ्याच अंगावर येतोय आणि मला दिसत नाही. निल्दाने डोळे मिटले. शेवटी आई म्हणाली, "झालं. त्याच्या ताटासमोर बोलला. आता परत घेता येणार नाही."

बाबा फोटोतून बघत होते. त्यांना बरं वाटलं असणार.

३ नोव्हेंबर

निल्दा म्हणते, सगळं ठरलेलं होतं. मेल्चोरने मंडईच्या पंचांना सांगून ठेवलं होतं की सुतकाच्या वर्षात तो कोपरा मागणार नाही. लाइमेंची जागा तशीच राहणार होती. लढाई नाही, काही नाही. "तू फक्त गप्प बसायचं होतंस. एक दिवस. तेवढंसुद्धा नाही जमलं."

म्हणजे आता कोपरा खरोखर पणाला लागला आहे. मी लावला आहे.

पण भिकेत मिळालेली जागा किती दिवस टिकते? जिंकून घेतलेली टिकते. हे मी तिला म्हणालो नाही. सत्तूर तिच्या हातात होता.

१८ नोव्हेंबर

तयारी पद्धतशीर चालू आहे. मेल्चोर साठीचा, जड, हळू. मी अठ्ठावीसचा. लांब हात. मोबाइलवर व्हिडिओ बघून मुठीचा कोन दुरुस्त केला. जोर हातात नसतो, कमरेत असतो. लोकरीचं पोतं टांगून रोज सकाळी ठोकतो. आज पोतं बाजूला सरकलं आणि मूठ भिंतीवर बसली. करंगळी सुजली. निल्दाने बांधून दिली. बांधताना मुद्दाम आवळली.

मुख्य मुद्दा सापडला आहे. त्याचा डावा कान. प्रत्येक यंत्रात एक कमजोर जागा असते, भार तिथे द्यायचा. बाबा अधूनमधून का हरायचे ते आता कळलं. अभ्यास नव्हता.

९ डिसेंबर

निल्दा रात्रीची भांडी घासताना नीट बोलली. म्हणाली, चोवीस तारखेची बस पकड, आरेकिपाला जा. आम्ही सांगू, ताप आला. लोक आठवडाभर हसतील, मग विसरतील. पंच पुन्हा बसतील, मी मेल्चोरांशी बोलते. म्हणाली, "एवेर, कोपरा माझा आहे. बाबांबरोबर मी उभी होते तिथे, थंडीत, बारा वर्षं. तू तो हरणार आहेस. मला तुझ्या नाकाची काळजी नाही."

शेवटचं वाक्य प्रेमाने म्हणाली असं मला वाटतं.

मी म्हणालो, विचार करतो. केला. माझ्यावर विश्वास ठेवायची तिला सवय नाही, एवढाच प्रश्न आहे. पंचवीस तारखेला सुटेल.

१५ डिसेंबर, शुक्रवार

मेल्चोर मेंढी घेऊन स्वतः आला. तू कुत्र्यांना द्यायच्या आत हातात देतो म्हणाला, आणि हसला. मग मला गल्लीत बाजूला घेतलं. चांगला कान माझ्याकडे करून हळू बोलला.

"हे बघ बाळ. आधी मिठी मारायची असते ती मारू. मग तू एक मार, कुठेही मार, मी पडतो. पाय घसरला म्हणतो. कोपरा तुमच्याकडे राहील, तुझी लाज राहील, मी घरी जाऊन जेवतो. तेओफिलोला पण चाललं असतं."

मी सरळ सांगितलं की मला हे चालणार नाही.

तो म्हणाला, "मग मी न विचारता पडेन. तू काय करशील?"

घाबरला आहे. दुसरं काय कारण असणार?

२४ डिसेंबर

आईने बाबांचा चामडी पायजमा काढला, घोड्यावरचा. मला कमरेत दोन वीत मोठा होतो. दोरीने बांधला. लोकरीचा मुखवटा नवा घेतला. आरशात पाहिलं. कुणीही असू शकतो.

आई बक्कल लावता लावता थांबली आणि पायजम्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. तिथे चामडं घासून मऊ झालंय. मी तिला म्हणालो, उशीर होतोय. कशाला ते मला सांगता आलं नाही. लढाई उद्या आहे.

चांगली झोप हवी. फोकस.

२५ डिसेंबर

डाव्या हाताने लिहितोय.

रिंगण भरलेलं. बायका उंच आवाजात वायलिया, नाताळचं गाणं, गात होत्या, एकच ओळ पुन्हा पुन्हा, डोक्यात खिळा ठोकावा तशी. आमच्या आधी दोघं मेव्हणे लढले, मेंढ्यांच्या कुरणावरून. एकाचा ओठ फाटून हनुवटीवर आला. मिठी मारून निघून गेले. मग दोन बायका, वेण्या धरून. मग माझी पाळी.

मुखवट्याआड सगळे किनऱ्या आवाजात बोलतात, ओळख लागू नये म्हणून. मीही तसंच "मेल्चोर आल्विस!" अशी हाक दिली. आवाज मध्येच फाटला. मागून कुणीतरी म्हणालं, "तेओफिलोचा इंजिनियर! पायजमा सांभाळ!" सगळं रिंगण हसलं.

तो आला. मुखवटा नाही. मिठी मारली. त्याच्या अंगाला बाबांसारखा वास येतो, चरबी आणि साबण. हे मी गृहीत धरलं नव्हतं.

पहिला ठोसा मी मारला. लागला नाही. तो तरीही पडला.

लोक हसले. पंचाने चाबूक आपटून त्याला उठवलं. "वाऱ्याने पडलास काय?" दुसरा ठोसा मारला. तोही हुकला, आणि तो पुन्हा पडायला लागला, गुडघे वाकवून, सावकाश, जसं म्हातारं माणूस खुर्चीवर बसतं. आता माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत होती. कुणी शिट्ट्या मारल्या. निल्दा पहिल्या रांगेत होती. ती हसत नव्हती. ती ओठ हलवून मला सांगत होती: पडू दे. पडू दे त्याला.

तेवढंच करायचं होतं मला. उभं राहायचं होतं.

मी त्याची कॉलर धरून त्याला उभा केला. ओरडलो, "नीट लढा! माझ्या बापाशी लढायचात तसे लढा!" आणि डाव्या कानावर मारला. कमरेतून. कोन बरोबर, भार बरोबर, अख्ख्या तयारीतला एकच ठोसा जिथे पाहिजे तिथे बसला. काहीतरी मोडल्याचं मला कळलं. ते माझं होतं, हाताचं हाड.

त्याने विचार करून मारलं नाही. मला खात्री आहे. त्याचे डोळे बंद होते, तो कान धरून वाकलेला होता, आणि उजवा हात आपणच आला. जसं बैल शेपटी मारतो.

नाक फुटल्याचा आवाज आतून वेगळा येतो. मग आकाश. मग माती. वायलिया चालूच होती. पंच मोजत नाहीत आमच्याकडे, नुसते बघतात. मी उठलो. उठलो हे लिहून ठेवतो. पायजमा राहिला खालीच. एक पाऊल टाकलं आणि त्यातच अडकून पुन्हा पडलो, आणि या वेळी पंचाने चाबूक मध्ये धरला.

मेल्चोर गुडघ्यावर बसून मला धरून होता. शेवटची मिठी. त्याच्या कानातून रक्त माझ्या गालावर येत होतं. मुखवट्याच्या आत मला श्वास घेता येत नव्हता, त्याने तो ओढून काढला. म्हणाला, "त्या कानाला तेओफिलो कधी हात लावत नसे रे. एकदा लागला, त्यानंतर कधीच नाही." आणि सगळ्यांसमोर मोठ्याने रडायला लागला. एवढा मोठा माणूस.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते नाकामुळे. नाक आणि डोळे आतून जोडलेले असतात.

पंच म्हणाले, कोपरा आल्विसचा.

२६ डिसेंबर

मेल्चोर पंचांकडे जाऊन म्हणाला, मला नको. पंच म्हणाले, रिंगणात ठरलं ते ठरलं, उद्या सगळेच नको म्हणतील. मग तो म्हणाला, कोपरा माझा ना, मग तिथे कुणाला बसवायचं ते मी ठरवणार. निल्दा लाइमे. मांस तोडायचा ठोकळा अर्धा तिचा, अर्धा माझा.

पंचांनी विचारलं, निल्दाला मान्य आहे का. ती म्हणाली, एका अटीवर. अट मी अंगणात पाय न ठेवण्याची आहे.

म्हणजे पाहिलं तर कोपरा आमच्याकडेच राहिला. अर्धा. भाड्याने नाही, दयेने. मी आलो नसतो तर पूर्ण राहिला असता, हेही खरं आहे. दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून पाहिली. दुसरं जास्त भरतं.

३० डिसेंबर

उगार्तेंना मेसेज केला होता. उत्तर आलं. जागा भरली, मार्चमध्ये विचारा, नव्या वर्षाच्या शुभेच्छा. फ्रेदीने अंगठा पाठवला.

हाताला प्लास्टर, नाकावर पट्टी, जबड्याला आईचा काळा रुमाल बांधलेला. डाव्या हातातला चमचा तोंडापर्यंत पोचत नाही, वाटेतच सांडतो. आई समोर बसून डोक्याचा रस्सा भरवत होती. निल्दा आणि मेल्चोर कोपऱ्यावर गेलेत. दोघंच पुरतात.

मी आईला विचारलं. म्हणजे उत्तर मला माहीत होतं, फक्त तिच्या तोंडून हवं होतं. बाबा पहिल्यांदा रिंगणात उतरले तेव्हा हरले असतील ना?

आईने खरंच आठवून पाहिलं. चमच्यावर फुंकर घातली.

"नाही रे," म्हणाली. "जिंकला होता."

मी वाट बघितली. ती पुढे काहीतरी बोलेल असं वाटलं. ती म्हणाली, "तोंड उघड."

उघडलं, आणि रस्सा आत जायच्या आधी दुसरंच काहीतरी बाहेर आलं. खूप मोठ्याने. शेजारच्या अंगणातली कोंबडी उडाली. थांबवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. डोळे वाहत होते, आणि नाक अजिबात दुखत नव्हतं.

माझं होईपर्यंत आईने चमचा तसाच समोर धरून ठेवला.